मोबाइल कपाटात, दामिनी चालू: अंबाजोगाईच्या एका अभ्यासिकेच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

आज शाळा उघडल्या आणि अभ्यासिकेतही नव्या पोरांची गर्दी सुरू झाली. पोलीस भरतीवाले सगळ्यांत जास्त, मग तलाठी, एमपीएससी आणि नीट पुन्हा देणारे. केज, धारूर, परळी, रेणापूरकडच्या गावांतून एसटीने येणारी बरीच, काही इथेच खोली करून राहणारी. सकाळी येतात ती रात्री दिवे मालवेपर्यंत बसतात. कष्टाला कुणी कमी नाही. पण दुपारी रांगेतून चक्कर मारली की दिसतं, दोन तासांपूर्वी उघडलेलं पान अजून तेच आहे आणि वहीच्या कडेला मोबाइल उपडा ठेवलेला आहे.

गेले काही महिने ह्यावर आम्ही तिघे-चौघे बोलत होतो, आजपासून काम सुरू. बंदी घालायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. ह्या पोरांचा क्लास मोबाइलमध्येच आहे. पुण्याला जाऊन राहायची ज्यांची ऐपत नाही, त्यांना लेक्चर यूट्यूबवर मिळतं, जुन्या प्रश्नपत्रिका टेलिग्रामवर मिळतात, हॉलतिकीट त्यातच येतं. घरच्या सात-बाराची ई-पीक पाहणीसुद्धा हीच पोरं करतात. मोबाइल काढून घेतला तर ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याचंच नुकसान.

मग करायचं काय? कोणत्या आवाजाला उठायचं आणि कोणत्या नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ते पाळणं सोपं जाईल अशी जागा, अशी व्यवस्था आपण करून द्यायची. नुसता मनाचा निग्रह करा म्हणून सांगणारे भाषण देऊन जातात, त्याने आजवर काही झालेलं नाही.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालातला एक आकडा फळ्यावर लिहून ठेवला. १४ ते १६ वर्षांच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला ५७ टक्क्यांनी आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. आमची पोरं त्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पण सवय त्याच वयात लागलेली.

१९ जून

सगळ्यांना मोबाइलच्या सेटिंगमधलं 'डिजिटल वेलबीइंग' उघडायला लावलं. अँड्रॉइडवर ते २०१८ पासून आहे, आयफोनवर त्याच वर्षी 'स्क्रीन टाइम' आलं. बहुतेकांनी ते कधी उघडलंच नव्हतं. तास बघून काहींनी मोबाइल छातीशी धरला, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून.

मी सांगितलं, तास सोडा. तासांत लेक्चरही आलं, गावाकडचा व्हिडिओ कॉलही आला. त्याखालचे दोन आकडे बघा: दिवसात किती वेळा लॉक उघडलं आणि किती नोटिफिकेशन आले. खरी गोष्ट त्या दोन आकड्यांत असते. चार तासांचं एक लेक्चर अभ्यास मोडत नाही. दर पाच मिनिटाला उघडलेलं लॉक मोडतं.

भरतीची तयारी करणारा एक जण बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. म्हणाला, "सर, मी तर निस्ता टाइम बघायलो म्हणून उघडतो." त्याला विचारलं, टाइम बघितल्यावर काय करतोस? "मग व्हॉट्सअॅप दिसतं. मग बघतो."

हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांच्या पाठीमागे होतं. वेळ बघायला मान वळवण्यापेक्षा मोबाइल उचलणं सोपं. संध्याकाळी घड्याळ समोरच्या भिंतीवर घेतलं. ज्यांच्याकडे मनगटी घड्याळ आहे त्यांनी ते वापरात आणायचं ठरवलं. प्रकल्पातलं हे पहिलं काम आणि सगळ्यांत स्वस्त.

२४ जून

मोबाइल ठेवायला कपाट बसवलं. जुन्या लोखंडी कपाटाला आतून प्लायचे खण पाडून घेतले, प्रत्येक खणाला नंबर आणि त्याच नंबरचं पत्र्याचं टोकन. कपाट हॉलच्या बाहेर, वऱ्हांड्यात, कार्यालयाच्या दारासमोर. आत ठेवा म्हणणारे होते, त्यांना नाही सांगितलं.

कारण असं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितला, काहींना खिशात किंवा पिशवीत आणि काहींना दुसऱ्या खोलीत. सगळे मोबाइल आवाज बंद करून ठेवलेले. डोक्याला ताण देणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत मोबाइल ठेवणारे सरस ठरले. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा फरक दरवेळी तेवढाच दिसला नाही, तेव्हा ते ब्रह्मवाक्य म्हणून मी सांगत नाही. पण मोबाइल आणायला उठून बाहेर जावं लागलं की निम्म्या वेळा माणूस उठतच नाही, एवढं तर आपण रोज बघतो.

मोबाइलशिवाय अभ्यासाला बसायचे तास ठरवले: सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी एक. मधल्या सुट्टीत टोकन द्या, मोबाइल घ्या, काय बघायचं ते बघा. सक्ती कुणावर नाही. कपाट न वापरणाऱ्यांची रांग खिडकीकडे.

२६ जून

खरी अडचण आज कळली आणि ती रील्सची नाही. केजकडच्या एका गावाहून येणारी मुलगी कपाटाला तयार होती, तिची आई नव्हती. आईचा कार्यालयात फोन आला: "सर, पोरगी परगावी हाय. फोन लागला नाई की जीव टांगणीला लागतो. यष्टी चुकली तर कुनाला इचारावं?"

त्या माउलीचं म्हणणं रास्त आहे. संध्याकाळची गाडी चुकली तर त्या मार्गाला पुढची गाडी कधी येईल ह्याचा भरवसा नसतो. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवायला हवा, नाहीतर कपाट फक्त पोरांसाठी उरेल.

बटणांचा साधा फोन घेतला, नवीन सिम टाकलं. तो कार्यालयाच्या टेबलावर, रिंग मोठ्या आवाजात. नंबर छापून प्रत्येकाच्या घरी पाठवला. फोन आला की शिपाई मामा दारातून टोकनचा नंबर सांगतात, ती व्यक्ती येऊन बोलते. सोबत एक वही: कुणासाठी, कशासाठी.

२ जुलै

वही चाळली. गाडी, डबा, किल्ली, बँकेचा ओटीपी. एकाच्या आजोबांना दवाखान्यात नेल्याचा फोन होता, तो पोरगा दोन मिनिटांत बाहेर पडला. महत्त्वाचं काही सुटलेलं नाही. तसे फोनही फारसे येत नाहीत. घरच्यांना फोन करायचा नसतो, लागेल ह्याची खात्री हवी असते.

केजकडच्या मुलीच्या आईने आठवडाभरात एकदाच फोन केला, तोही नंबर चालतो का ते बघायला.

५ जुलै

दुपारी आभाळ भरून आलं. वीज पडायला लागली की आमच्याकडे शेतातली माणसं आणि झाडाखाली बांधलेली जनावरं दरवर्षी जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' अॅप आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते दाखवतं. कार्यालयाच्या स्मार्टफोनवर ते चालू ठेवलंय, सूचना आली की हॉलमध्ये सांगायची. ज्यांचे आईबाप रानात असतात ती पोरं लगेच बटणांच्या फोनवरून घरी कळवतात.

नोटिफिकेशन म्हटलं की वाईटच, असं बोलायची एक पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. दामिनीची सूचना आणि 'तुमच्या मित्राने फोटो टाकला' ही सूचना एकाच आवाजात, एकाच पट्टीवर येतात, दुखणं तिथं आहे.

६ जुलै

आषाढी. अभ्यासिका बंद.

११ जुलै

आज सूचनांची निवड. चार तास लागले पण सगळ्या प्रकल्पात हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येकाने कागदावर तीन रकाने केले: लगेच कळायला हवं, दिवसातून एकदा कळलं तरी चालतं, कळलंच नाही तरी बिघडत नाही. मग आदल्या दिवशी आलेल्या सूचना एकेक करून त्यात लिहिल्या. पहिल्या रकान्यात घरचे फोन, दामिनी, बँकेचे मेसेज, भरतीसंबंधी अधिकृत मेसेज एवढंच राहिलं. तिसरा रकाना पानाच्या खाली गेला. खरेदीची अॅप, क्रिकेटचा स्कोअर, कधीकाळी घेतलेले गेम, 'तुम्ही बरेच दिवस आला नाहीत' म्हणून बोलावणारी अॅप.

पद्धत सोपी. सूचना आली की ती डावी-उजवीकडे न सारता दाबून धरायची. तिथेच 'सायलेंट' किंवा 'बंद' असा पर्याय येतो. सारून टाकली तर उद्या पुन्हा येते, दाबून बंद केली तर तिचा निकाल लागतो.

व्हॉट्सअॅपला वेळ गेला. गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, भरतीचे पाच-सहा. ग्रुप सोडला तर भावकीत बोलणं होतं, 'मोठा सायब झाला' म्हणतात. म्हणून सोडायचा नाही. 'म्यूट'मध्ये 'ऑलवेज' निवडायचं आणि ग्रुप 'आर्काइव्ह'मध्ये टाकायचा. समोर दिसत नाही आणि कुणाला कळतही नाही. संध्याकाळी एकदा उघडून पाहिलं की झालं. अभ्यासिकेच्या स्वतःच्या ग्रुपवरही फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं केलं. दिवसाला एक संदेश, रात्री आठला.

१८ जुलै

रील्स का सुटत नाहीत, ह्यावर बोलणं झालं. पोरांना आधी लाज वाटत होती, आपणच कच्चे आहोत अशी. ती लाज काढणं गरजेचं होतं.

खाली सरकवत राहा, पान संपतच नाही, ही रचना अझा रस्किन ह्या अमेरिकी डिझायनरने २००६ साली केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतः जाहीरपणे खंत व्यक्त केली. आधी पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. पंगतीत ताट रिकामं व्हायच्या आत वाढपी पुन्हा वाढत राहिला तर किती खाल्लं ते कळत नाही, तसं. दुसरी गोष्ट बी. एफ. स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञाने मोबाइलच्या कितीतरी आधी दाखवली होती: दाणा दर वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळेल ते सांगता येत नसेल तर कबूतर जास्त वेळा टोचा मारतं. दहा रील्स टुकार आणि अकरावी मस्त. अकरावी कधी येईल ते माहीत नाही, म्हणून अंगठा थांबत नाही.

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स भारतात सुरू झाले. शाळा तेव्हा बंद, अभ्यासासाठी म्हणून घरात पहिला स्मार्टफोन आलेला. आज आमच्या हॉलमध्ये बसलेली बरीच पोरं त्या वेळी सातवी ते दहावीत होती. त्यांना दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

२३ जुलै

यूट्यूबचा उपाय सापडला आणि तो चालतो. लेक्चर बघायला उघडलं की समोर वीस दुसऱ्या गोष्टी, त्यातही शॉर्ट्स. सेटिंगमध्ये जाऊन 'वॉच हिस्टरी' बंद केली आणि जुनी पुसली की पहिलं पान जवळपास कोरं येतं. २०२३ पासून यूट्यूबने तसंच ठेवलं आहे. मग जे हवं ते शोधायचं, तेच बघायचं. सोबत 'ऑटोप्ले' बंद. अभ्यासासाठी वेगळं गूगल खातं काढून त्यावर ही मांडणी केली, म्हणजे घरच्या खात्याला धक्का नाही. टेलिग्रामवरच्या पीडीएफ आठवड्यातून एकदा उतरवून झेरॉक्स. कागदावर सोडवलेल्या पेपरमध्ये मेसेज येत नाही.

१३ ऑगस्ट

काल मंत्रिमंडळाने पोलीस शिपायांच्या सुमारे पंधरा हजार जागांना मंजुरी दिली. हॉल उसळला. कपाटापाशी रांग, प्रत्येकाला आत्ताच मोबाइल हवा. दुपारपर्यंत जिल्हावार जागांच्या चार वेगवेगळ्या याद्या फिरत होत्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. अभ्यास शून्य, घशाला कोरड.

त्यांची तगमग मला समजते. ह्या जाहिरातीची वाट बघताना काहींचं वय निघून चाललंय. 'मेसेज बघू नका' असं अशा पोराला सांगणं निर्दयपणाचं होईल. म्हणून एक जबाबदारी वाटून दिली: रोज संध्याकाळी एक जण राज्य पोलीस दलाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन बघणार आणि जे असेल ते तारखेसह फळ्यावर लिहिणार. काही नसेल तर 'आज काही नाही' असं लिहिणार. आज संध्याकाळी पहिल्यांदा 'आज काही नाही' लिहिलं गेलं आणि निम्मा हॉल पुन्हा पुस्तकात गेला.

२२ ऑगस्ट

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं विधेयक संसदेने मंजूर केलं. बातमी वाचून दाखवली तेव्हा एक पोरगा उठून बाहेर गेला. नंतर वऱ्हांड्यात बोलला. रमीत खोलीच्या भाड्याचे पैसे गेलेत, घरी सांगितलेलं नाही, रात्री झोप लागत नाही. कपाट आणि म्यूट ह्याला पुरे पडणारे उपाय नाहीत. 'टेली-मानस' ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर माझ्यासमोरच त्याने लावला. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. इथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीलाही सोमवारी सोबत जाणार. नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवला.

२४ सप्टेंबर

दोन दिवस नोंद करायला वेळ नव्हता. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. बीड, धाराशिव, लातूर सगळीकडे नद्या पात्राबाहेर, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. कपाट उघडं ठेवलंय, सगळे मोबाइल ज्याच्या त्याच्या हातात. मांजरा नदीकाठची पोरं धरणातून किती पाणी सोडलं ह्याच्या मेसेजवर डोळा ठेवून आहेत. एकाने बापाला फोनवर सांगितलं, "बाबा, मोटारीचं जाऊ द्या, तुमी वर या." तीन वेळा सांगितलं. अशा वेळी मोबाइल हातात असलाच पाहिजे, त्यात नियम आड येऊ नये.

३० सप्टेंबर

पोरं परत येऊ लागली. डोळे सुजलेले. पंचनाम्यासाठी शेताचे फोटो काढले, तलाठ्याकडे चकरा मारल्या. आता पुस्तक हातात धरलं तरी अंगठा पुराच्या व्हिडिओंवर. त्यातले काही तर दुसऱ्याच राज्यातले, जुने.

सगळ्यांशी शांतपणे बोललो. आपल्या गावाची खबर घेणं एक, आणि वाहून जाणारी गुरं पुन्हा पुन्हा बघणं दुसरं. पहिल्याने काम होतं, दुसऱ्याने काळीज पोखरतं. दर जेवणाच्या सुट्टीत घरी एक फोन करायचा, मनसोक्त बोलायचं. व्हिडिओ आठवडाभर नाही. कुणी वाद घातला नाही. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं.

९ ऑक्टोबर

झोप. भरतीवाल्यांची पहाटे पाचला मैदानावर हजेरी असते. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात मुलांची १६०० मीटर धाव २० गुणांची. काही सेकंदांवर गुण जातात. रात्री एकपर्यंत अंथरुणात रील्स बघून पाचला धावणाऱ्याचे पाय कसे उचलणार?

सगळ्यांचं उत्तर एकच: अलार्मसाठी मोबाइल उशाशी लागतो. सेलवर चालणारी अलार्म घड्याळं एकदम घेतली, खोलीला एक. मोबाइल चार्जिंगला दाराजवळ. स्क्रीन काळी-पांढरी करून बघितली, ती बहुतेकांनी चार दिवसांत परत रंगीत केली. अॅपला वेळेची मर्यादा लावणंही टिकलं नाही. ती लावणारं बोटच ती काढूही शकतं. घड्याळ मात्र टिकलं. धावण्याची वेळ सुधारल्याचं दोघे सांगतात, पण ते झोपेमुळे की सरावामुळे ते मैदानावरचे सरच जाणोत.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत पालकांच्या भेटी झाल्या. जिथे जावं तिथे तोच प्रकार, सर, त्याला समजवा. एका घरी बोलणं चालू असताना वडील क्रिकेट बघत होते. त्या मुलाची आजी म्हणाली, "समद्यांलाच समजवा की, एकल्या पोरालाच कशाला?"

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण त्यांना सांगितलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. ग्रामसभेत ठरवून केलेलं काम आहे ते. आजी म्हणाल्या, भोंगा नसला तरी देवळाची घंटा हाय. त्यांच्या गल्लीतली पाच-सहा घरं सुरुवात करणार आहेत. मोठ्यांनीही मोबाइल ठेवायचा, ही आजींची अट.

१२ डिसेंबर

ऑस्ट्रेलियात १० तारखेपासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई झाली. पाळण्याची जबाबदारी कंपन्यांवर, मुलांना किंवा पालकांना दंड नाही. हॉलमध्ये तासभर चर्चा. रेणापूरकडचा एक जण म्हणाला, आपल्याकडं पोरं बापाच्याच फोनवर बघतात, वय कुणाचं धरायचं? केजकडची मुलगी म्हणाली, जबाबदारी कंपनीवर टाकली ते बरं केलं, आजवर समदं आमच्यावरच टाकायलेत. मला तिचं म्हणणं जास्त पटलं.

जानेवारीच्या नव्या बॅचसाठी कामं: कपाटाला अजून एक ओळ खण. सूचनांच्या निवडीचं काम पहिल्याच आठवड्यात, आणि ते जुन्या मुलांनी नव्यांना शिकवायचं. फळ्यावरच्या रोजच्या नोंदीला चौघांची नावं आली आहेत. बटणांच्या फोनचा रिचार्ज २८ ला संपतो. रविवारी मामांची सुट्टी असते, त्या दिवशी फोनपाशी कोण बसणार ते ठरायचं आहे. दोघींनी आळीपाळीने बसायची तयारी दाखवली आहे, पण परीक्षा जवळ आली की त्यांचा रविवार मोडू नये, म्हणून तिसरं माणूस शोधतो आहे.